काळी चारचा खर्ज आणि शंभर हर्ट्झची घरघर: घरच्या रेकॉर्डिंगसाठी एक जुना मिक्सर

"संध्याकाळी रेकॉर्ड केलं की खर्ज डळमळतो रे. सकाळचं ऐक, सकाळी नीट असतो." मावशीने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, तंबोऱ्याची तार उतरत असेल. तंबोरा मिरजेचा, चाळीस वर्षं तिच्या हातातला. ती तो मिळवते तेव्हा खोलीत बसलेल्या कुणालाही डळमळ ऐकू येत नाही. पण हेडफोन लावून संध्याकाळचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि मलाही ते सापडलं. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, तार छेडली की सुरुवात स्वच्छ, आणि नाद विरत जाताना मात्र सेकंदाला चारेक हेलकावे. सकाळच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा मागमूस नव्हता.

त्या हेलकाव्यांचं मूळ मिक्सरमध्ये, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रात, निघालं. ते शोधायला मला चार महिने लागले, आणि त्यातला पहिला महिना मी मिक्सर बिघडवण्यात घालवला. ज्यांच्या घरी असा जुना ॲनालॉग मिक्सर आहे आणि ज्यांना तो 'अपग्रेड' करायचा आहे, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

मांडणी

मावशी ख्याल गाते. गुरूंकडून मिळालेल्या बंदिशी आवाज साथ देतोय तोवर विद्यार्थ्यांसाठी रेकॉर्ड करून ठेवायच्या, हा तिचा संकल्प. जागा म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटमधली मधली खोली: जाड पडदे, पुस्तकांचं कपाट, जमिनीवर सतरंजी. चार माइक, आठ लाइन इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस (आवाजाचा संकेत लॅपटॉपला पोचवणारा डबा), लॅपटॉप आणि १६ चॅनेलचा मिक्सर.

हा मिक्सर नव्वदच्या दशकातला. सांगलीकडचा एक ऑर्केस्ट्रा बंद झाला तेव्हा त्यांच्याकडून घेतला. २०१९ च्या महापुरात तो माळ्यावर होता म्हणून वाचला, तरी त्या पावसाळ्याची दमट हवा त्याने महिनाभर खाल्ली होती. आत सगळीकडे टीएल०७२ जातीचे ऑप-ॲम्प (संकेत मोठा करणारे) आयसी, माइकच्या पहिल्या टप्प्यात सुटे ट्रान्झिस्टर, आणि वेगळ्या डब्यात पॉवर सप्लाय: अधिक-उणे १५ व्होल्ट, शिवाय कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचा फँटम.

सुरुवातीची नोंद अशी. सगळे चॅनेल फेडर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्या) खाली, मुख्य फेडर शून्यावर, आणि मुख्य आउटपुटवरचा नको असलेला आवाज संध्याकाळी −५० डीबीयू (पातळीचं एकक; आकडा जितका जास्त उणे तितकी शांतता). त्यात हिस्स होताच, पण त्यावर घरघर चढलेली. दोन फेडर खरखरत होते. सातवा चॅनेल मधूनच बंद पडायचा.

जे करायला नको होतं ते

जुन्या मिक्सरबद्दल कुणालाही विचारा, सल्ला एकच मिळतो: टीएल०७२ काढा, एनई५५३२ बसवा. कागदावर ते पटतं. टीएल०७२ चा स्वतःचा नॉइज दर √हर्ट्झला १८ नॅनोव्होल्ट, तर ५५३२ चा ५. पायांची रचना सारखीच, म्हणजे जुना उपटून नवा लावला की झालं. मी पहिले चार चॅनेल उघडले आणि प्रत्येकातले सहाच्या सहा आयसी बदलले. एकूण २४.

त्या संध्याकाळी घरघर वाढली. हेलकावेही वाढले. वर एक नवीन दुखणं सुरू झालं: त्या चार चॅनेलचे इक्यूचे (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारे) नॉब फिरवले की खर्र, खर्र. चौथ्या चॅनेलवर मावशीचा तार षड्ज फाटका येऊ लागला.

या तिन्हींची कारणं नंतर कळली. ती सांगतो, कारण हा बदल करणारा जवळपास प्रत्येक जण त्यांच्यावर आदळतो.

नॉबची खरखर इनपुटच्या प्रवाहामुळे. टीएल०७२ च्या तोंडाशी फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) असतात. त्याचा इनपुट प्रवाह पिकोअँपिअरमध्ये मोजावा लागतो, म्हणजे नसल्यातच जमा. म्हणून मिक्सर आखणाऱ्यांनी नॉब आणि आयसी यांच्यामध्ये डीसी अडवणारा कपॅसिटर टाकायची तसदी घेतली नव्हती. ५५३२ चा इनपुट प्रवाह साधारण २०० नॅनोअँपिअर असतो. तो ४७ किलोओहमच्या नॉबमधून वाहिला की ९ मिलिव्होल्टहून जास्त डीसी उभा राहतो, आणि नॉब फिरला की तो डीसी उड्या मारतो. कानाला ती खरखर म्हणून येते. नॉब कितीही स्वच्छ केला तरी ती जाणार नाही.

चौथ्या चॅनेलचं फाटणं म्हणजे ऑसिलेशन. ५५३२ ची बँडविड्थ, म्हणजे वेगाची मर्यादा, १० मेगाहर्ट्झ, टीएल०७२ ची ३. संथ आयसीसाठी आखलेल्या बोर्डावर, पुरवठ्याच्या पायांजवळ कपॅसिटर नसताना, वेगवान आयसी स्वतःशीच घुमायला लागतो. ते घुमणं आपल्या ऐकण्याच्या कितीतरी वर असतं, पण त्याच्यासोबत येणारा सूर फाटतो. ऑसिलोस्कोप (संकेताची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावल्याशिवाय हे सापडत नाही. आयसीच्या अधिक आणि उणे पायांमध्ये १०० नॅनोफॅराडचा सिरॅमिक कपॅसिटर थेट डाग देऊन (सोल्डर करून) बसवला आणि ते थांबलं.

आणि वाढलेली घरघर? तिनेच शेवटी खरा रस्ता दाखवला.

सकाळ आणि संध्याकाळ

रेकॉर्डिंग स्पेक्ट्रम ॲनलायझरमध्ये (कोणता सूर किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या साधनात) टाकलं. शंभर हर्ट्झवर उंच सुळका, मग दोनशे, तीनशे असे उतरते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. घरघर ५० वर असेल तर ती बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्रातून किंवा अर्थिंगच्या फेऱ्यातून येते. १०० वर असेल तर संशय रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आणि त्याच्या फिल्टर कपॅसिटरवर घ्यायचा, कारण रेक्टिफायर प्रत्येक चक्राचे दोन्ही अर्धे वापरतो. हा एवढा भेद मी पहिल्या दिवशी पाहिला असता तर २४ आयसींना हात लावला नसता.

आता मावशीचा खर्ज पाहा. ती काळी चारमध्ये (हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाते. त्या पट्टीचा षड्ज २०७.६५ हर्ट्झ, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार १०३.८ हर्ट्झ. शेजारी १०० हर्ट्झची घरघर. दोन सूर इतके जवळ आले की त्यांच्या फरकाइतके हेलकावे ऐकू येतात. फरक ३.८. सेकंदाला जवळपास चार हेलकावे, मावशी म्हणत होती तेवढेच. तंबोऱ्यात जवारीमुळे (तार घोडीला घासत कंप पावते त्यामुळे) वरचे स्वयंभू स्वर भरपूर उमटतात आणि मूळ सूर त्यांच्या मानाने दुबळा असतो. तार विरत जाते तसा तो घरघरीच्या पातळीला येतो आणि डळमळ उघडी पडते. मावशी पांढरी पाचमध्ये गात असती, तर खर्ज ९८ वर आला असता आणि हेलकावे निम्म्या वेगाने आले असते. दुसऱ्या एखाद्या पट्टीत कदाचित हे कुणाच्या लक्षातच आलं नसतं. तिच्या कानांनी मला मीटरच्या आधी उत्तर दिलं होतं. मी ते ऐकलं नव्हतं.

फक्त संध्याकाळीच का? मल्टिमीटर प्लगमध्ये धरला. सकाळी २३० व्होल्ट, संध्याकाळी सातला २१०. पॉवर सप्लायचा डबा उघडला (प्लग काढून, आणि मोठे कपॅसिटर रोधकातून रिकामे करून, हे न करता त्या डब्यात बोट घालू नये). फिल्टर कपॅसिटरवर लिहिलेलं ४७०० मायक्रोफॅराड. मोजल्यावर अधिक बाजूला १९०० भरले, उण्याला २६००. आतलं इलेक्ट्रोलाइट वाळत गेलं होतं.

हिशेब असा. मिक्सर प्रत्येक बाजूला सुमारे ०.४ अँपिअर खातो. दोन भरण्यांमध्ये शंभरावा भाग सेकंद जातो. १९०० मायक्रोफॅराडवर तेवढ्या वेळात व्होल्टेज दोन व्होल्टहून जास्त खचतं. १५ व्होल्टच्या रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाला) आत साधारण १७ तरी हवेत. सकाळी ती खाच १८ च्या वर राहायची. संध्याकाळी ती १७ च्या खाली गेली की रेग्युलेटर हात टेकतो आणि तेवढ्या क्षणापुरती खाच पुढे जाऊ देतो, सेकंदाला शंभर वेळा. आयसी अशी लहर बऱ्यापैकी अडवतात. माइकच्या टप्प्यातले सुटे ट्रान्झिस्टर तितकी अडवत नाहीत.

माझ्या अपग्रेडने घरघर का वाढवली, तेही इथेच आहे. टीएल०७२ चा एक आयसी सुमारे २.८ मिलिअँपिअर घेतो, ५५३२ सुमारे ८. चोवीस आयसींनी सव्वाशे मिलिअँपिअरचा बोजा वाढवला आणि खाच आणखी खोल गेली. सोळाही चॅनेल बदलले असते तर मिक्सरची भूक एका अँपिअरच्या जवळ गेली असती. त्या ट्रान्सफॉर्मरला आणि रेग्युलेटरला ते झेपलं नसतं.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून ६८०० मायक्रोफॅराड, ३५ व्होल्ट, १०५ अंशांचे कपॅसिटर आणले. याहून फार मोठे घेण्यात अर्थ नाही. चालू करताना डायोडवर येणारा झटका वाढत जातो. रेग्युलेटर हीटसिंकवरून काढून नवी थर्मल पेस्ट लावली. त्या संध्याकाळी २०८ व्होल्ट होते. शंभरचा सुळका हिस्सच्या पातळीखाली गेला.

मावशीला तंबोरा छेडायला सांगितलं. तिने डोळे मिटले, तार पूर्ण विरेपर्यंत ऐकलं, आणि म्हणाली, "हां. आता आहे तिथे आहे."

आयसी मग कुठे बदलायचे

घरघर गेल्यावर हिस्स स्पष्ट ऐकू आला. आता आयसीचा प्रश्न नीट विचारायला हरकत नव्हती: कोणत्या जागी नॉइज खरोखर आयसीमुळे होतो?

चॅनेलमध्ये नाही. माइकचा टप्पा संकेताला ४० डेसिबल, म्हणजे शंभरपट मोठा करतो, आणि त्याबरोबर माइकच्या रोधाचा मूळ नॉइजही शंभरपट होतो. सुमारे १.८ नॅनोव्होल्टचे १८० होतात. त्यापुढे इक्यूच्या आयसीचे १८ ऐकूच येणार नाहीत. शिवाय खोलीचा स्वतःचा आवाज त्याहून मोठा असतो. छताचा पंखा बंद करणं हे माझ्या चोवीस आयसींपेक्षा मोठं अपग्रेड आहे.

मिक्स बसवर गोष्ट उलटी आहे. सोळाही चॅनेल आपापल्या २२ किलोओहमच्या रोधकातून एका ऑप-ॲम्पच्या तोंडाशी येतात. तो ऑप-ॲम्प प्रत्येक चॅनेलला एकपटच ठेवतो, पण स्वतःच्या नॉइजला मात्र सतरापट करतो, चॅनेल वाजत असोत वा नसोत. टीएल०७२ चे १८ नॅनोव्होल्ट इथे ३०६ होतात. रोधकांचा नॉइज सगळा मिळून ७८ च्या आसपास. म्हणजे या एका जागी दोष आयसीचाच. ५५३२ लावला तर ३०६ चे ८५ होतात, आणि रोधक धरून हिशेब नऊ डेसिबलच्या जवळ सुधारतो.

तेव्हा पहिल्या चार चॅनेलमधले २४ आयसी काढून टीएल०७२ परत लावले. जुन्या बोर्डावरून तोच आयसी दुसऱ्यांदा काढताना तांब्याचा एक पॅड उखडला, तिथे तारेचा तुकडा जोडावा लागला. म्हणून आता आयसी काढायचा असला तर आधी त्याचे पाय कापतो, मग एकेक पाय डाग वितळवून काढतो, आणि त्या जागी सॉकेट बसवतो. फक्त सहा जागी ५५३२ ठेवले: डावी-उजवी बस, त्यांचे आउटपुट, आणि हेडफोनला जाणाऱ्या दोन ऑक्झिलरी बस. सहाही ठिकाणी पुढे कपॅसिटर आहे ना, हे आधी तपासलं, म्हणजे डीसी फेडरपर्यंत पोचणार नाही. प्रत्येकाच्या पायांवर १०० नॅनोफॅराड.

बाजारात ५५३२ च्या नावाने दुसरेच आयसी छापून विकले जातात. माझ्या पहिल्या दहातले तीन तसे निघाले. सोपी चाचणी म्हणजे ब्रेडबोर्डवर १५-१५ व्होल्ट देऊन, काहीही न जोडता, तो किती प्रवाह खातो ते पाहणं. खरा ५५३२ आठच्या आसपास खातो. तीन-चारच मिलिअँपिअर दिसले तर आत बहुधा ४५५८ सारखं काहीतरी आहे.

आयसींखेरीज आणखी फायदा एका फुकटच्या गोष्टीने दिला. आमच्या मिक्सरमध्ये राउटिंगचं (चॅनेल बसला जोडणारं) बटण वर असलं की त्या चॅनेलचा रोधक बसपासून सुटतो. चारच माइक आहेत तर बारा बटणं वर. मग ऑप-ॲम्प स्वतःच्या नॉइजला सतराऐवजी पाचपटच करतो. फेडर खाली ओढून हे होत नाही, बटणच सोडावं लागतं. काही मिक्सरांत सुटलेला रोधक ग्राउंडला जोडलेला राहतो आणि तिथे हा फायदा मिळत नाही. बटण दाबून-सोडून हेडफोनवर ऐकलं की आपल्याकडे काय आहे ते लगेच कळतं.

किरकोळ वाटणारी, पण नडलेली

सातव्या चॅनेलसाठी मी अख्खी सर्किट आकृती कागदावर काढली होती. दोष इन्सर्टच्या जॅकमध्ये (चॅनेलच्या वाटेत बाहेरचं यंत्र जोडायच्या खाचेत) निघाला. त्या जॅकमध्ये काहीच घातलेलं नसतं तेव्हा संकेत आतल्या एका धातूच्या पट्टीवरून पुढे जातो, आणि ती पट्टी गंजली होती. जॅक दहा वेळा आत-बाहेर केला आणि चॅनेल बोलू लागला. मग सोळाही जॅकवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. आतल्या रिबन केबलचे कनेक्टर काढून परत दाबून बसवले. फेडर बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. स्वयंपाकघरातल्या बिजागरीला लावतो तो गंजरोधक फवारा फेडरवर मारू नका. त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो.

अर्थिंगने मात्र आठवडा घेतला. इंटरफेस जोडला की ५० हर्ट्झची बारीक गुणगुण येई, लॅपटॉपचा चार्जर काढला की जाई. मिक्सर आणि लॅपटॉप दोन वेगवेगळ्या खोल्यांच्या प्लगवर होते, आणि त्यांचं अर्थिंग दोन वाटांनी एकमेकांना भेटत होतं. सगळं एका भिंतीच्या प्लगवरच्या एका बोर्डावर आणलं. मुख्य आउटपुट ते इंटरफेस हा रस्ता गुणगुण न धरणाऱ्या संतुलित केबलने केला. रेकॉर्डिंगच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर ठेवतो. मला तीन जणांनी मिक्सरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकायला सांगितलं. गुणगुण त्याने खरंच जाते. पण ज्या धातूच्या पेटीला जोडलेला माइक गाणाऱ्याच्या ओठांपाशी असतो, तिची अर्थ कुणीही, कशासाठीही काढू नये.

शेवटचं मोजमाप, तेच फेडर आणि तीच संध्याकाळची वेळ: सोळाही चॅनेल बसवर असताना −९०, चारच असताना −९४ डीबीयू. सगळा खर्च साडेचार हजारांच्या आत.

वापर

लोक विचारतात, इंटरफेस आहे, लॅपटॉप आहे, मग एवढं धूड खोलीत कशाला? उत्तर हेडफोनमध्ये आहे. मावशीला स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून फिरून ऐकवला तर तो उशिरा पोचतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी घेतो तेवढा साठा) ठेवला तर एका दिशेनेच पाच मिलिसेकंद, आणि जाऊन-येऊन दहाच्या वर. कवटीतून थेट ऐकू येणारा आवाज आणि हा मागून येणारा आवाज एकत्र आले की स्वर पोकळ वाटतो. तो वाटला की ती सुराला जरा जास्तच दाबते. आधीच्या वर्षीच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तो ताण ऐकू येतो. ॲनालॉग मिक्सरमध्ये हा उशीर नाहीच. शिवाय दोन ऑक्झिलरी बसमुळे दोन वेगळे मिश्रण देता येतात: तिला तंबोरा जास्त, तबला अगदी थोडा, तबल्यावरच्या काकांना तिचा आवाज पुढे. दोन्ही फेडरच्या आधीचे, म्हणजे मी चॅनेलचा फेडर हलवला तरी त्यांच्या कानात काही बदलत नाही.

रेकॉर्डिंग दोन वाटांनी एकाच वेळी होतं. चार चॅनेलच्या इन्सर्टमधून प्रत्येक माइक वेगळा इंटरफेसला जातो. त्यासाठी इन्सर्टच्या बाजूच्या प्लगमध्ये टोक आणि कडी एकत्र जोडलेली केबल केली आहे. तिने संकेत बाहेरही जातो आणि मिक्सरमध्येही चालू राहतो. दुसरीकडे मुख्य आउटपुटचा स्टिरिओ. वेगळे चार ट्रॅक सुरक्षेसाठी, हा माझा बेत होता. प्रत्यक्षात मावशीने विद्यार्थ्यांना दिल्या त्या बहुतेक बंदिशी थेट स्टिरिओच्या. गाताना समतोल हाताने साधलेला असतो, मी आणि गाणारे-वाजवणारे एकाच खोलीत असतो, आणि बोल-आलाप वाढला की तंबोरा बोटाने किंचित पुढे आणता येतो. नंतर माउसने केलेलं मिश्रण मला तितकं जिवंत कधी करता आलेलं नाही.

शिखरं लॅपटॉपवर −१२ डेसिबलच्या आसपास ठेवतो, २४ बिटमध्ये त्याहून वर जायची गरज नाही. १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) फक्त मावशीच्या माइकवर असतो. डग्ग्यावर तो लावला तर घुमारा जातो. तंबोऱ्यावर तर मुळीच नाही: खर्ज १०३.८ वर आहे, लो-कट त्यालाच खातो. घरघर झाकायला मी तो आधी तंबोऱ्यावरच लावून पाहिला होता. घरघर थोडी कमी झाली, तेवढाच खर्जही गेला.

तंबोरा विरल्यावर रेकॉर्डिंगमध्ये आता जो आवाज उरतो तो खालच्या मजल्यावरच्या पाण्याच्या पंपाचा. तो संध्याकाळी साडेसात ते आठ चालतो. तेवढ्या वेळात आम्ही चहा घेतो आणि मावशी पुढच्या बंदिशीचे शब्द वहीत तपासून पाहते.